आठ दातांचं चाक

उखाआप्पा आमच्या ओट्यावर चहाला बसले की माझं एक तरी काम बिघडायचं. दूध उतू जायचं, नाहीतर ब्लाउजची बाही उलटी लागायची. कारण हा माणूस चहा प्यायचा नाही, चहाला न्याहाळायचा. आधी बशीत ओतायचा, मग बशी गोल फिरवायचा, मग एक फुंकर, एक घोट, आणि डोळे मिटून गप्प. पुढचा घोट कधी घेतात याची वाट बघून माझा जीव नुसता अर्धा व्हायचा. "अहो आप्पा, प्या की पटकन! बशी धुवायचीय मला." तर डोळे न उघडता म्हणायचे, "घाई मशीनले, ताई. मानूसले नई."

आता मी मूळची जालन्याकडची. आमच्याकडं असं आरामात बसलेल्या पुरुषाला बायका दोन शब्दांत उठवतात. पण आप्पांवर शब्द चालत नसत. ते शिरपूरकडचे, अहिराणी बोलणारे. माझ्याशी आपले नीट मराठी बोलत, आणि जीव कशात रमला की अहिराणीवर घसरत. सुरतेत भेस्तानला आमच्या चाळीत निम्मी बिऱ्हाडं त्यांच्याच खानदेशातली होती. पत्र्याच्या खोल्यांच्या दोन ओळी, मधे अंगण, अंगणात एक जुना कडुनिंब, आणि चारी बाजूंनी लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट. त्या खटखटीत झोपणारी माणसं गावाला गेली की त्यांना शांततेनं जाग यायची.

आप्पा लूमच्या एका खात्यात, म्हणजे कारखान्यात, फिटर होते. उंच, काटकुळे, खांद्यावर तेलकट फडकं आणि पायजम्याच्या खिशात कायम एक पाना. बायको जनाबाई, लेक मंगल शाळेत असतानाच तापात गेली. तेव्हापासून बापानंच पोरीला वाढवलं, वेण्या घातल्या, भाकऱ्या थापल्या. भाकरी मात्र काय गोल असायची! चालही तीच, सावकाश. शिफ्टचा भोंगा झाला की सगळी चाळ पळत सुटायची आणि आप्पा कडुनिंबाखालून असे जायचे जणू देवळात निघालेत. आणि मजा म्हणजे उशीर कधी व्हायचा नाही, कारण ते आधीच निघालेले असायचे. यंत्र दिसलं की त्यांना राहवायचं नाही. पान्याचं एक टोक यंत्राला, दुसरं टोक कानाला, आणि चेहरा असा, जणू आत कुणीतरी निरोप सांगतंय. माझ्या शिलाई मशीनलाही त्यांनी असा कान लावला होता. म्हणाले, "ताई, हिला तेल हवंय, आणि तुम्ही हिच्यावर चिडता ते हिला कळतंय." मी म्हटलं, कळू दे, बरंच आहे.

तर असा हा सावकाश माणूस. पण एक खोड होती. यंत्र हळू चाललेलं त्यांना बघवायचं नाही. स्वतः कासव, आणि पंखा, मिक्सर, लूम, काहीही असो, ते पळालं पाहिजे. त्यात त्यांची एकट्याची चूक नाही, सुरतेची हवाच तशी. लूमला मोटारीवरची पुली मोठी बसवली की लूम पळते, कापड जास्त उतरतं, शेठ खुश, कारागीर खुश. लूमवाल्या माणसाच्या डोक्यात एकच मंत्र पक्का बसलेला असतो, की मोठं चाक घाला आणि मजा बघा. आप्पा तर या मंत्राचे पुजारीच.

एकदा चाळीच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं आप्पांना पट्टा बघायला बोलावलं. पट्टा नीट केला तोवर ठीक होतं. पण गेले ते गेले आणि पुलीही मोठी बसवून आले. "दळण आता बघा कसं भुर्रकन होतं!" झालं की भुर्रकन. पीठ डब्यात पडलं ते हात पोळेल इतकं गरम! त्या दिवशी अख्ख्या चाळीत एकाही बाईची भाकरी तव्यावर धड पडली नाही. उचलायला जावं की तुकडे. मी परात घेऊन थेट आप्पांच्या दारात. मागं आणखी सात-आठ जणी. "आप्पा, हे पीठ दळून आणलंय की भाजून?" आप्पांनी चिमूटभर पीठ बोटांवर घासलं, जिभेला लावलं, आणि मान डोलावली. "जळालं," म्हणाले. एवढंच. मग गेले, सावकाश, आणि जुनी पुली परत बसवून आले. तुटक्या भाकऱ्या मात्र त्यांनी घरोघरी जाऊन मागून आणल्या आणि दुधात चुरून खाल्ल्या. मंगल हसून हसून लोळत होती. अशा माणसावर रागवायचं तरी किती वेळ?

मग आप्पांच्या आयुष्यात चेनकटर आलं.

कामरेजला लाकडाची एक वखार होती. तिथं जुन्या जहाजांच्या भंगारातून आलेली, साखळीनं लाकूड कापणारी करवत धूळ खात पडलेली. कुणाला चालू करता येईना. वखारवाला आप्पांना म्हणाला, चालू झाली तर घेऊन जा. आप्पा सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायला लागले, आणि एके दिवशी पोत्यात गुंडाळून ते धूड चाळीत घेऊन आले. बाळ दवाखान्यातून घरी आणताना माणसं जशी चालतात ना, तसे चालत होते. दोरी ओढली आणि काय आवाज, बाई! चाळीतली कुत्री जी पळाली ती दिवेलागणीला परतली.

त्या यंत्रातली गंमत मला कळली ती माझ्या मशीनमुळं, आणि हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं आप्पा ती उपमा स्वतःची म्हणून सगळीकडं सांगत फिरले. झालं असं, की जुनी साखळी बोथट होती म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून दुसरी आणली. दिसायला जुळ्या बहिणी. पण बसवायला गेले तर नवी साखळी आतल्या छोट्या दातेरी चाकावर बसेचना. पहिल्या दोन दातांवर बसे, तिसऱ्यावर चढून खाली पडे. आप्पा माझ्याकडं आले आणि माझी मापाची टेप घेऊन गेले. तेलकट बोटांनी काळी करून आणली, मेली. म्हणाले, "बघा ताई, साखळीवरचे लागोपाठचे तीन रिव्हेट धरायचे, त्यांचं अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. त्याला पिच म्हणतात. या दोघींच्या पिचमधे फरक आहे." टेपवर फरक बघितला तर जेमतेम आगकाडीच्या जाडीचा.

"एवढ्यानं काय होतं?" मी विचारलं.

"चाकाचे दात या कडीच्या मापाचे आहेत. त्या कडीचं माप वेगळं. नाही जमायचं."

"मग टाक्यासारखंच की," मी म्हटलं. "माझ्या मशीनला टाका लांब केला की पायडल तेवढंच मारलं तरी कापड भराभर पुढं जातं. आखूड केला की हळू जातं."

आप्पांनी बशी खाली ठेवली. चहा निम्मा होता. माझ्या आठवणीत त्यांनी मधेच बशी ठेवली ती तेवढीच. "हां!" म्हणाले. "कडी म्हणजे टाका. चाकाला जितके दात, तितके टाके एका फेरीत. कडी लांब असली की साखळी जोरात पळते. दात जास्त असले तरीही जोरात पळते." आणि मग डोळ्यांत ती लूमवाली चमक. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चार दिवसांत त्यांनी पहिल्याच साखळीला धार लावून घेतली, आणि ओळखीच्या टर्नरकडून तिच्या मापाचं एक नवं चाक घडवून आणलं. जुन्याला सात दात होते, नव्याला आठ. म्हणजे एका फेरीत साखळी आणखी पुढं. सात दातवालं त्यांनी मला दिलं. "कापड बेतताना वजन म्हणून ठेवा ताई, आता हे माझ्या काय कामाचं." छोटंसं, जड, हाताला छान. मी ते टेबलावर ठेवून घेतलं.

आणि खरं सांगते, आठ दातांवर ती साखळी अशी पळायची की नजर ठरत नसे. सुबाभळीच्या फांद्या, गुलमोहराच्या डहाळ्या, लोण्यासारख्या. भेस्तानात कुणाच्या अंगणातली फांदी उतरवायची असली की आप्पांना बोलावणं. लोक टाळ्या वाजवत. आप्पा मिशीत हसत आणि पुली, चाक, वेग यांवर प्रवचन देत. माझ्या टाक्याच्या उपमेसकट. माझं नाव मात्र नाही!

त्या साली मंगलचं लग्न झालं. सासर धुळ्याकडं. लग्नानंतरची पहिली आखाजी आली. खानदेशी माणसाला आखाजी म्हणजे काय हे आम्हा बाहेरच्यांना सांगून कळत नाही. अक्षय तृतीया हो, पण त्यांच्याकडं तो लेकींचा सण. लेकी माहेरी येतात, सांजोऱ्या, आमरस, आणि झाडाला झोका. भर वैशाखात! मी आप्पांना चिडवायची, "आमच्याकडं पंचमीला झोके, श्रावणात, गार वाऱ्यात. तुमच्या बायका उन्हात भाजत झुलतात." ते म्हणत, "माहेरचं ऊन लागत नाही ताई."

चाळीतला झोका त्या कडुनिंबाला बांधला जायचा. जनाबाई होती तोवर दोर तीच बांधायची. तिच्यामागं आप्पा. मंगल त्याच झोक्यावर मोठी झाली.

आखाजीला आठवडा राहिला असेल, तिकडून कुणीतरी निरोप घेऊन आलं. सासरचे म्हणत होते, पोरीला माय नाही, मग ती माहेरी जाऊन करणार काय? चुलीपाशी कोण आहे तिथं? मी तिथंच होते, माझं डोकं असं फिरलं! पण आप्पा शांत. म्हणाले, "सांगा त्यांना, सांजोऱ्या मी करतो. झोक्याला झाड आहे. पाठवा माझी पोर." आणि पाठवतो म्हणाले ते लोक.

आणि नशीब बघा. दोन दिवसांत असा वारा सुटला की त्या कडुनिंबाची सगळ्यात मोठी फांदी बुंध्यापाशी तडकली आणि आमच्या पत्र्यांवर ओणवी झाली. बांबूंचे टेकू लावले म्हणून थांबली. चाळीचे मालक जयंतीभाई धावत आले. भला माणूस, पण घाबरट. त्यांनी कुऱ्हाडवाल्यांना आणलं. ते म्हणाले, तडकलेल्या फांदीवर घाव घातला तर हादऱ्यानं ती घरांवरच येईल. सोपं म्हणजे दोर लावून अख्खं झाडच मोकळ्या बाजूला पाडू. जयंतीभाई म्हणाले, "आखुं झाड कपावी नाखो. मारे कोईनो जीव नथी लेवो." कुणाचा जीव जायला नको म्हणून झाडच जाऊ दे. त्यांचंही काही चूक नव्हतं.

आप्पा म्हणाले, "फक्त फांदी काढतो मी. तुकड्या तुकड्यानं. चेनकटरला हादरा नसतो. झाड राहील." जयंतीभाईंनी एक सकाळ दिली. दुपारपर्यंत झालं तर झालं, नाहीतर कुऱ्हाडवाले तिथंच बसून होते, बिड्या फुंकत.

मंगल आदल्याच दिवशी आली होती. ओट्यावर बसून होती, नव्या साडीत. मी तिच्याशेजारी. बांधकामावरच्या पोरांनी परांची बांधून दिली, लूमवाल्यांनी दोर धरले, आप्पा वर चढले. टोकाच्या डहाळ्या तर आठ दातांनी अशा उडवल्या की पोरं आरोळ्या मारायला लागली. मग आली जाड फांदी, माझ्या कमरेएवढी, जुना कडुनिंब. साखळी आत शिरली, घर्रर्र झालं, आणि घुप्प. बंद. आप्पांनी लाकडाची पाचर ठोकून पातं सोडवलं, पुन्हा दोरी ओढली. साखळी चार बोटं आत गेली, धूर निघाला, आणि बंद. तिसऱ्यांदा तर नुसता जळका वास. इंजिन बिचारं रडत होतं आणि साखळी जागची हलत नव्हती.

कुऱ्हाडवाल्यांतला एक उठून उभा राहिला. जयंतीभाई म्हणाले, "बस आप्पा, हवे रहेवा दो," आता राहू द्या. मंगल पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. एवढंच म्हणाली, "मायना झोका व्हता तो." आईचा झोका, जनाबाईचा.

आप्पा खाली उतरले. आणि काय केलं असेल? चहा मागितला! माझ्याकडं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "आप्पा, घर जळतंय आणि तुम्हाला चहा सुचतोय?" पण दिला. त्यांनी ओतला, बशी फिरवली, फुंकर मारली. अख्खी चाळ उभी. कुऱ्हाडवालेही बघत राहिले. दुसऱ्या घोटाला आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "ताई, जाड कापड शिवताना तुम्ही काय करता?"

"काय करणार? टाका आखूड करते आणि चाक हातानं हळू फिरवते. पळवलं तर सुई अडकते."

"आणि पीठ जळालं होतं," ते स्वतःशीच म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, हसतच, "चूक मनी शे. लूमनी अक्कल मी लाकूडले लाई." चूक माझी, लूमची अक्कल लाकडाला लावली. मोठ्या चाकानं साखळी पळते, पण तिची ओढ जाते. डहाळीला ओढ लागत नाही, खोडाला लागते. "ते सात दातवालं कुठं आहे, ताई?"

मी पळाले. टेबलावर अर्धवट बेतलेला ब्लाउज होता, त्यावरचं चाक उचललं तर कापड वाऱ्यानं खाली. राहू दे म्हटलं. आप्पांनी चाक बदललं, साखळी ताणून घेतली, दोन बोटांनी ओढून बघितली. अजिबात घाई नाही. आणि वर गेले.

या वेळी आवाजच वेगळा होता. साखळी आधीसारखी पळत नव्हती, पण थांबतही नव्हती. दमदार, एकसारखी, पिवळा भुसा पडत राहिला. आधी खालून थोडं कापलं, मग वरून. पहिला ओंडका दोरावर तोलत खाली आला आणि पत्र्याला खरचटलंही नाही. मग दुसरा. मग बुंध्यापाशी शेवटचा. आप्पांनी इंजिन बंद केलं तेव्हा भोवतालच्या लूमची खटखट पुन्हा ऐकू यायला लागली. जयंतीभाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि कुऱ्हाडवाल्यांना स्वतः चहा पाजला. तोही माझ्याकडूनच, अर्थात.

आखाजीला दुसऱ्या बाजूच्या फांदीला झोका बांधला. आप्पांनी सांजोऱ्या केल्या. जरा कडक झाल्या होत्या, खोटं कशाला बोलू. मंगल भर उन्हात झुलली, आणि चाळीतल्या बायकांनी गाणी म्हटली. मलाही ओढून बसवलं. आप्पा ओट्यावर बशी घेऊन बसले होते आणि त्या दिवशी मी त्यांना एका शब्दानं घाई केली नाही.

ते आठ दातांचं चाक त्यांनी लिंबू-मिरचीबरोबर आपल्या दारावर टांगलं. मी हसले तर म्हणाले, "दुसऱ्याची नजर लागू नये म्हणून नाही ताई. माझी ठिकाणावर राहावी म्हणून."

पुढं आमच्या ह्यांना पलसाण्याला रंगाईच्या कारखान्यात काम लागलं. टेम्पो आला, सामान भरलं. सगळे निरोपाला आले, एक आप्पा सोडून. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता, हे माझ्यावर डोळे वटारत होते. मी म्हटलं, थांबायचं म्हणजे थांबायचं. शेवटी आले, त्यांच्या त्या देवळात निघाल्यासारख्या चालीनं. हातात ते आठ दातांचं चाक, दोऱ्याचा तुकडा अजून तसाच. स्टुलावर चढून सोडवत बसले होते म्हणे. टेम्पोत चढवताना माझ्या मशीनचा पट्टा निसटला होता, तो त्यांनी आधी नीट बसवला, मशीनचं चाक हातानं फिरवून बघितलं, कान लावला. मग ते वजन माझ्या हातात ठेवलं. "सात दातवालं तुमच्याकडून परत घेतलं होतं," म्हणाले. "कापड उडत असेल."

माझे आई-वडील कधीच गेलेले, भाऊ वेगळे झालेले, जालन्याला मला कुणी पंचमीला बोलावून किती वर्षं झाली होती. हे मी आप्पांना कधी सांगितलं नव्हतं. इतके चहा झाले, पण नव्हतं सांगितलं.

टेम्पो सुरू झाला. आप्पांनी फळीवर हात ठेवला आणि दोन पावलं बरोबर चालले. त्यांच्या मानानं ते धावणंच म्हणायचं. "आखाजीले येजो, ताई," म्हणाले. "झोका बांधी ठेवसू."

मग हात सोडला आणि वळले. मी मागच्या फळीवरून बघत होते. कडुनिंबाच्या कापलेल्या जागी कोवळी पालवी फुटली होती, आणि तिच्याखालून आप्पा घराकडं चालले होते, सावकाश.